तेल मुकं होईपर्यंत

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून छापखान्याच्या आठवणी हव्या होत्या. बेळगावात मी आयुष्याचा मोठा भाग प्रुफं तपासण्यात घालवला, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हणालो, प्रुफं तपासणाऱ्याच्या आठवणी म्हणजे दुसऱ्यांच्या चुका. त्या लोकांनी ऐन दिवाळीत कशाला वाचायच्या? मला माझ्या दुसऱ्या नोकरीवर लिहू द्या.

"दुसरी कुठली?" त्यांनी विचारलं.

"तेलाच्या कढईपुढची," मी म्हणालो.

पलीकडे जरा वेळ शांतता पसरली. किंवा ते काही बोलले असतील आणि मला ऐकू आलं नसेल. माझे कान छापखान्यातल्या यंत्रांनी केव्हाच खाल्ले आहेत. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण तिच्यावाचून पुढचं सगळं अर्धवट राहील.

बेळगावच्याच शहापुरातल्या आमच्या घरी माझी पत्नी शालन वनस्पतींची तेलं करायची. अंगाला, हातापायांना, केसांना लावायची तेलं. कॅम्पातल्या एका शाळेत तिने बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरातला अर्धा ओटा तिने कढईला देऊन टाकला. तोवर माझा छापखानाही बंद पडला होता, तेव्हा मी तिच्या हाताखाली लागलो. ढवळणं, गाळणं, बाटल्या वाळवणं आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवणं ही माझी कामं. "इतकी वर्षं लोकांच्या मजकुरात ढवळाढवळ केलीत, आता माझ्या कढईत करा," असं म्हणून तिने मला कामावर घेतलं. गेल्या दिवाळीनंतर ती गेली. आजारपण फार लांबलं नाही. त्याविषयी एवढंच.

तेलात पाला टाकून उकळला की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. पण या कामातली खरी अडचण पाण्याची असते. ओल्या पाल्यात पाणी असतं. पाल्याचा गुण तेलात उतरायला हवा आणि पाणी मात्र उडून जायला हवं. थोडं जरी मागे राहिलं, तरी बाटलीत बुरशी धरते. पाणी गेल्यावरही आच चालू ठेवली, तर पाला करपतो आणि तेलाला जळका वास येतो. या दोन्हींच्या मधला क्षण पकडायचा, एवढीच काय ती कारागिरी. म्हणून शालन पाला आधी सावलीत सुकवून घ्यायची, मग वाटून मंद आचेवर ठेवायची. फुलांच्या पाकळ्यांना तर ती विस्तव दाखवायचीच नाही. त्या पूर्ण वाळवून तेलात बुडवायच्या आणि बाटली गच्चीवर उन्हात ठेवायची. तिच्या तोंडी या दोन प्रकारच्या तेलांची नावं "उन्हातलं" आणि "चुलीवरचं" अशी होती. चूल घरात कधीच नव्हती, गॅस होता, तरी नाव चुलीचंच.

कढईत पाणी असेतोवर तेल तडतडतं. मग नुसतं चरचरतं. मग कुजबुजल्यासारखं होतं आणि शेवटी गप्प बसतं. त्या क्षणाला शालन "तेल मुकं झालं" म्हणायची. हा शब्द मी ग्रंथांत शोधून पाहिला, मिळाला नाही. जुन्या वैद्यकात फेस येण्याची खूण सांगितली आहे. वाटलेल्या पाल्याची वात वळता येते का पाहावी, ती पेटवल्यावर तडतडत नाही ना तेही पाहावं, असं सांगितलं आहे. मी हे सगळं तिला वाचून दाखवायचो आणि ती मन लावून ऐकायची.

"बरोबर आहे सगळं," ती म्हणायची, "पण फेस वर येईतोवर मी गॅस बंद केलेला असतो."

"तो कसा काय?"

"मुकं झालं की कळतं."

"मग मला कसं कळणार?"

"तुम्हाला कसं कळेल? तुम्हाला सगळंच मुकं. मी धरून."

म्हणून आमची कामाची पद्धत अशी होती. मी लाकडी उलथण्याने तळापासून ढवळत राहायचो. ती शेजारी उभी राहून कान द्यायची. वेळ झाली की मला हाक मारण्यात अर्थ नसायचा, तेव्हा ती माझ्या कोपराला दोन बोटं लावायची. मी थांबायचो, ती गॅस बंद करायची.

ती या कामाकडे कशी वळली, हे तिला विचारलं तर ती आईच्या हातांबद्दल बोलायची. तिचं माहेर निपाणीचं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तंबाखूचा चीक हाताला चिकटून काळा पडायचा आणि किती धुतला तरी निघायचा नाही. "आईनं भरवलेला पहिला घास नेहमी कडू लागायचा," शालन सांगायची, "आणि तो कडू लागला की आई घरी आली याची खात्री व्हायची." संध्याकाळी आई तिळाच्या तेलात कडुलिंबाचा पाला कडकवून हाताला चोळायची. शालनने विज्ञान शिकून पुढे जे केलं, त्याची सुरुवात त्या वाटीत होती. माणूस भेटला की ती आधी त्याचे हात बघायची. बसमध्ये शेजारच्या बाईला "धुण्याचा साबण बदला हो," असं सांगताना मी तिला कितीदा पाहिलं आहे. बायका रागवायच्या नाहीत. उलट हात पुढे करायच्या.

आमचा बराचसा पाला खानापूरकडचा यल्लाप्पा आणून द्यायचा. माका त्याच्या भाताच्या बांधावर आपोआप उगवतो. केसांच्या तेलाला तो लागतो. यल्लाप्पा मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलतो आणि दोन्हींत शिव्या देतो. बांधावरचं तण विकत घेणारी माणसं बेळगावात राहतात, हे त्याला अजून खरं वाटत नाही.

याच माक्याने एकदा आमची झोप उडवली होती. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आम्ही छापून घेतल्या. मी प्रूफ दोनदा वाचून "माक्याचं तेल" हे शब्द नीट आहेत ना ते पाहून दिलं होतं. छापणारा मुलगा हुशार निघाला. माका ही काय चीज आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, मका ठाऊक होता. माझी चूक राहिली असं समजून त्याने मेहेरबानी म्हणून काना काढून टाकला. चिठ्ठ्या आल्या तेव्हा मी गावाला गेलो होतो आणि शालनने त्या चष्म्याशिवाय चिकटवल्या.

त्यातली एक बाटली कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी गेली. त्या बाई पंजाबकडच्या. शालनची एक जुनी विद्यार्थिनी त्यांच्या शेजारी राहायची, तिच्याकडून त्यांनी मागवली होती. चिठ्ठी त्यांनी घरकाम करणाऱ्या बाईकडून वाचून घेतली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला असल्याने मीही ऐकला.

"आंटी, आपका मक्के का तेल बहुत अच्छा है. बस पकोडे थोडे हरे हो गए."

शालनने विचारलं, "कुणी खाल्ले?"

"साहब ने खाए. उन्होंने पूछा, पालक के हैं क्या?"

शालन रिक्षा करून तडक कॅम्पात गेली, मला बरोबर घेऊन. माका विषारी नव्हे हे तिला माहीत होतं, पण त्या माणसाला डोळ्यांनी धडधाकट बघितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. साहेब बाहेरच्या पायरीवर बुटांना पॉलिश करत बसले होते. तिने त्यांना पोटाविषयी इतके प्रश्न विचारले की ते शेवटी उठून सावधान उभे राहिले. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक बाटलीवर "फक्त बाहेरून लावण्यासाठी" ही ओळ मराठी, कन्नड आणि हिंदीत मी स्वतः हाताने लिहू लागलो.

तिच्या कामातलं मला सगळ्यात आवडायचं ते तिचं "नाही" म्हणणं. उघडी जखम, चट्टा, पू, यांना ती तेल द्यायची नाही, डॉक्टरकडे पाठवायची आणि पुढच्या आठवड्यात गेलात का म्हणून फोन करायची. नव्या माणसाला आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबायला सांगायची. संकेश्वरहून एक बाई लग्नाच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी मान खाली घालून बसलेली.

"बघायला यायच्यात. तवर उजळली पायजे बघा," बाई म्हणाल्या. "काय लागंल ते घाला."

"मावशी, तेलानं कातडी मऊ होते," शालन म्हणाली. "रंग जन्माला येताना ठरतो. आणि तो चांगला आहे."

"मग एवढ्या लांब कशाला आलो?"

शालनने खाली वाकून बाईंच्या पायांकडे पाहिलं. टाचांना भेगा पडून त्यांत माती बसली होती. "यांच्यासाठी आलात," ती म्हणाली आणि टाचांच्या तेलाची बाटली त्यांच्या हातात ठेवली. तेव्हा कुठे त्या मुलीने मान वर केली आणि हसली. पुढे त्या बाईंनी कळवलं की मुलीचं लग्न जमलं. त्याचं श्रेय त्यांनी आमच्या तेलाला दिलं ते दिलंच, ते आम्हाला परत करता आलं नाही.

आता रत्नाबाईंकडे येतो. खरं म्हणजे हा लेख त्यांच्यामुळेच लिहितो आहे.

रत्नाबाई शेजारच्या वडगावच्या, विणकरांच्या घरातल्या. त्या साड्यांच्या मागांवर सांधणीचं काम करतात. मागावरचे उभे धागे संपत आले की नव्या गुंडाळीचे धागे जुन्यांना एकेक करून जोडावे लागतात. चिमटीत दोन टोकं धरायची, बोटाला किंचित राख लावून पीळ द्यायचा आणि पुढचा धागा घ्यायचा. बघणाऱ्याला जोड कुठे आहे ते दिसतही नाही. हे हजारो धाग्यांचं काम त्या मान न वळवता करतात. शेडमध्ये मागांचा आवाज एवढा की तिथे आयुष्य काढल्यावर त्यांचे कानही माझ्याच पंगतीला येऊन बसले आहेत.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. रेशीम भेगेत अडकायचं आणि तुटायचं. दुकानातलं मलम लावलं तर धागा घसरायचा आणि रेशमावर डाग पडायचा. मालकाने बजावलं होतं, धागे असेच तुटत राहिले तर दुसरी बाई बघतो.

शालनने त्यांचा हात खिडकीच्या उजेडात धरला. "तेल लावायचं आणि डाग पडू द्यायचा नाही. म्हणजे पाण्यात उतरायचं आणि भिजायचं नाही."

"तसंच काय तरी करा की आक्का," रत्नाबाई म्हणाल्या. "न्हायतर माझी बोटं घरात बसून काय करणार? दुसरं कायबी येत न्हाय त्यास्नी."

मग प्रयोग सुरू झाले. हळद पहिल्याच दिवशी बाद झाली, कारण ती रेशमावरून कधीच जाणार नाही. तिळाचं तेल, कडुलिंबाचा पाला आणि ज्येष्ठमध एवढंच उरलं. डाग पाहायला माझी जुनी प्रुफं कामाला आली. माळ्यावर त्यांचे गठ्ठे पडून होते, एका बाजूने कोरे. तेल चोळलेला हात कागदावर दाबायचा. हाताचा पंजा उमटायचा आणि तेवढ्या भागातून पलीकडचा उजेड दिसायचा. महिनाभर आमच्या घरात जिकडे तिकडे असे पारदर्शक पंजे वाळत पडलेले होते. शालन तेल कमी करून बघत होती, पाला वाढवून बघत होती. पंजा काही जाईना.

एक दिवस ती असंच तेल स्वतःच्या तळहाताला चोळून बसली होती. इतक्यात दारात पाहुणे आले आणि जेवायलाच थांबले. गडबडीत तिने हात नुसते पदराला पुसले आणि ज्वारीच्या भाकरी थापायला घेतल्या. पाहुणे बिचारे काही बोलले नाहीत. मी बोललो.

"भाकरी कडू का लागते?"

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी पडलेला कागद ओढून त्यावर तळहात दाबला. कागद कोरा राहिला. तिने तो खिडकीशी धरला, उलटा केला, पुन्हा धरला. पाहुण्यांना वाटलं असेल की घरात काही दुःखद बातमी आली आहे.

इलाज तेलात नव्हता, पिठात होता. वरवरचं तेल ज्वारीचं पीठ ओढून घेतं, मुरलेलं कातडीतच राहतं. रात्री नाही, कामाला निघायच्या आधी तेल चोळायचं, ते मुरू द्यायचं, मग कोरडं पीठ घेऊन हात हातावर चोळायचे आणि झटकून टाकायचं. रत्नाबाईंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे थापायचं, पर भाकरी करायची न्हाय."

त्या कोऱ्या कागदावर मी गमतीने, शेवटच्या प्रुफावर लिहितात तसं, "छापावे" असं लिहिलं. शालन म्हणाली, "सही करा खाली. सहीशिवाय मी मानत नाही." मी सही केली. काही आठवड्यांत रत्नाबाईंच्या भेगा भरल्या, आणि त्यानंतर त्यांचं तेल आमच्या घरातून कधी चुकलं नाही.

शालन गेल्यावर मी कढई पालथी घालून ठेवली. उरलेल्या बाटल्या मागणाऱ्यांना देऊन टाकल्या. यल्लाप्पा एकदा माक्याची पेंडी घेऊन आला, दारातच उभा राहिला आणि पेंडी परत घेऊन गेला. जाताना त्याने एकही शिवी दिली नाही, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

थंडी सरत आली होती तेव्हा रत्नाबाई आल्या. रिकामी बाटली त्यांनी ओट्यावर ठेवली.

"अण्णा, तेल हाय काय?"

"संपलं."

"मग करा की."

"मला येत नाही."

"इतकी वर्सं कोण ढवळत हुतं?"

"मीच."

"मग?"

"तेल मुकं झालेलं मला ऐकू येत नाही, रत्नाबाई."

"काय?"

"ऐकू येत नाही!"

"वरडताय कशाला? मलाबी येत न्हाय." त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले. अंगठ्याजवळची कातडी पुन्हा उलू लागली होती. "काल दोन धागे तुटलं. मालक बघत हुता. बोलला न्हाय, नुसता बघत हुता."

मी म्हणालो, प्रयत्न करतो. पाला मी जवळच्या शाळेसमोरच्या कडुलिंबाचा आणला, सावलीत सुकवला, ज्येष्ठमध घालून वाटला. ग्रंथ उघडून शेजारी ठेवला. फेसाची वाट पाहत राहिलो आणि पहिली कढई करपली. खिडक्या दोन दिवस उघड्या ठेवाव्या लागल्या. रत्नाबाईंना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या शर्टाच्या वासावरूनच ओळखलं. "मागाला सुट्टी असंल त्या दिवशी मी येते," त्या म्हणाल्या. "एकट्यानं नगा करू."

त्या आल्या. गॅस पेटवला. मी ढवळत होतो, त्या पलीकडे उभ्या होत्या. आम्ही दोघेही कढईकडे असे वाकलो होतो, की बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं तेल आम्हाला काही गुपित सांगतंय.

"तडतडतंय काय?" मी विचारलं.

"मला काय इचारता? मला माग बंद पडल्यालाबी ऐकू येत न्हाय."

"मग कळतं कसं तुम्हाला?"

"काय?"

"माग बंद पडला, कसं कळतं?"

"चौकटीला हात लावला की कळतंय की. थरथर थांबती."

मी उलथणं तळापर्यंत टेकवून ढवळत राहिलो. मग दांडा मला जाणवू लागला. तळाशी पाणी फुटत होतं तोवर लाकडातून बारीक मुंग्यांसारखं काहीतरी बोटांपर्यंत येत होतं. हे मला नवं नव्हतं. इतकी वर्षं ते माझ्या हातात होतंच, मी कधी त्याला विचारलं नव्हतं. मुंग्या विरळ झाल्या. मग एखाददुसरी. मग दांडा नुसतं लाकूड झाला. माझा डावा हात आपोआप गेला आणि त्याने गॅस बंद केला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी थांबलो होतो आणि कोपराला कुणी बोटं लावली नव्हती. मागेही असंच होत असणार. तिची बोटं टेकायच्या आधीच माझा हात संथ व्हायचा, आणि ती ते बघत असणार. मला ती कधी म्हणाली नाही. म्हणाली असेल तर मला ऐकू आलं नसेल.

"का बंद केलं?" रत्नाबाईंनी विचारलं.

"मुकं झालं."

"ऐकू आलं?"

"हाताला."

त्यांनी मान हलवली. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. मी पाल्याची इवलीशी वात वळली आणि पेटवली. ठिणगी उडाली नाही, सरळ जळली. ग्रंथालाही मान्य होतं म्हणायचं.

तेल कोमट होईतोवर आम्ही चहा घेतला. मग शहापुरी सुती कापडातून गाळलं. रत्नाबाईंनी ते हाताला चोळलं, चहाच्या दुसऱ्या कपाइतका वेळ मुरू दिलं, मग मी काढून दिलेलं ज्वारीचं पीठ घेऊन हात खसाखसा चोळले. माळ्यावरचा एक कागद मी पुढे केला. त्यांनी पंजा दाबून उचलला. मी कागद खिडकीशी धरला. कोरा होता.

त्यांनी पदराच्या गाठीतून रेशमाचे दोन तुकडे काढले, चिमटीत धरले, पीळ दिला आणि उजेडात बघितले. जोड मला दिसला नाही. डागही नव्हता. भेगा भरायला दिवस लागतील ते दोघांनाही ठाऊक होतं, पण निदान तोवर रेशमावर काही उमटणार नव्हतं.

मग त्यांनी हात नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे आक्काचं न्हाय."

मी गाळलेल्या तेलाचा वास घेऊन पाहिला. 

"दवणा कुठं हाय?"

"कसला दवणा?"

"दवणा! वासाचा! आक्काच्या तेलाला वास यायचा त्यो."

"दवणा ती देवाला आणायची," मी म्हणालो. बाजारातून आली की फुलांच्या पुडीत दवण्याची जुडी असायचीच. मी स्वतः ती देवघरात नेऊन ठेवायचो.

रत्नाबाई हसू लागल्या. हसता हसता त्यांनी पिठाचाच हात डोळ्यांना लावला. "अवो अण्णा, देवाला एक काडी. बाकीचा वाळवून तेलात. मी इचारलं हुतं एकदा, आक्का, ह्येनं भेगा भरत्यात व्हय? तर म्हणाल्या, न्हाय गं, भेगा तेलानं भरत्यात. दिवसभर राखंत बोटं घालतीस, त्यास्नी जरा बरं वाटू दे."

बाटली भरून घेऊन त्या गेल्या. "तवर ह्येच चालतंय," असं दारातून ओरडून सांगितलं, मलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. त्या अजून सांधणीला जातात. मालकाने दुसरी बाई पाहिली नाही. माझी कढई आता उताणी असते, आणि परवा यल्लाप्पा माका टाकून गेला तेव्हा दोन्ही भाषांत मनसोक्त बोलून गेला.

त्या दिवशी त्या गेल्यावर तो कोरा कागद टेबलावर तसाच पडला होता. फुलबाजारात जायला मी पिशवी घेतली, चपला घातल्या, आणि मग परत फिरून पेन शोधलं. जुनी सवय आहे, काम पुढे धाडायच्या आधी कोपऱ्यात लिहिल्याशिवाय हात थांबत नाही. मी लिहिलं, "दवणा घालून छापावे." आणि खाली सही केली.